मोटारींना मज्जाव, सायकलला वाट मोकळी : अकेडियाचे कॅरेज रोड

बॉस्टनकडची मराठी मंडळी लाँग वीकेंडला अकेडियाला जातात, कॅडिलॅक पर्वतावर सूर्योदय बघतात, पार्क लूप रोडवर गाडी फिरवतात, कोणी लॉब्स्टर खातं आणि परत येतात. सायकल चालवता येत असेल तर यातलं काहीही गाळा, कॅरेज रोड, म्हणजे घोडागाड्यांसाठी बांधलेले रस्ते, मात्र गाळू नका. मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर, या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असे जवळपास ४५ मैल, म्हणजे ७० किलोमीटरहून जास्त, खडीचे रस्ते आहेत. पर्यटकांच्या मोटारींना तिथे प्रवेशच नाही. चालणारे, सायकलवाले, घोडे आणि घोडागाड्या, एवढीच वर्दळ.

ही करणी तेलसम्राट रॉकफेलर यांचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांची. बेटावर मोटारी येऊ द्यायच्या की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला होता. १९१३ मध्ये बंदी उठायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास या गृहस्थांनी पदरच्या पैशाने घोडागाड्यांसाठी वेगळे रस्ते बांधायला घेतले. काम १९४० पर्यंत चाललं. बापाचा पैसा तेलाचा आणि मुलाने बांधलेले रस्ते मोटारींना बंद!

बांधणी बघण्यासारखी आहे. तळाला मोठा दगड, त्यावर लहान खडी, वर बारीक चुरा असे थर. रुंदी साधारण १६ फूट, मधोमध हलकासा उंचवटा, दोन्ही अंगांना चर आणि जागोजागी दगडी मोऱ्या. आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता; सकाळी चुरा ओलसर होता, पण चिखल नव्हता आणि डबकीही नव्हती. दरीच्या कडेला ग्रॅनाइटचे ओबडधोबड चिरे ओळीने उभे केलेत. त्यांना तिकडे ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात.

चढाबद्दल आधीच सांगतो. रस्ते घोड्यांसाठी आखलेले, त्यामुळे छातीवर येणारा चढ क्वचितच लागतो. पण जो लागतो तो संपता संपत नाही. कात्रजचा जुना घाट सायकलने चढलेल्यांना हे किरकोळ वाटेल. न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या वहिनीने लग्नानंतर सायकलला हात लावला नव्हता. तिने पहिल्या लांब चढावर दादाला विचारलं, “अहो, हा संपतो कुठे?” दादा पुढे बघत म्हणाला, “वळणापलीकडे.” पुढच्या तीन वळणांवर त्याचं उत्तर तेच होतं. वहिनी थोडं चालत, थोडं चालवत वर आली आणि उतारावर आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली.

सुरुवात कुठून करायची हा खरा प्रश्न. ईगल लेकचं पार्किंग उन्हाळ्यात सकाळीच भरतं. हल्स कोव्ह व्हिजिटर सेंटरला जागा भरपूर, पण तिथून वर येणारा पहिलाच तुकडा खडा आहे. थंड पायांनी तो नको वाटतो. त्यापेक्षा बार हार्बर गावात राहा, सायकली तिथेच भाड्याने घ्या आणि व्हिलेज ग्रीनवरून सुटणारी आयलंड एक्सप्लोररची सायकल बस पकडा. मागे सायकलींसाठी ट्रेलर असतो, तिकीट नाही, आणि ती थेट ईगल लेकला सोडते. ही सोय उन्हाळ्यापुरतीच आहे, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या.

सवय नसलेल्यांनी आधी विच होल पाँडचा छोटा फेरा करावा. वाटेत डक ब्रुक पूल लागतो, १९२९ सालचा, तीन कमानींचा. वरून जाताना तो नुसता रस्ता वाटतो. सायकल कठड्याला टेकवून खाली ओढ्याकडे उतरा, मग कळतं काय बांधलंय ते. आतून लोखंडी सळ्यांचं काँक्रीट आणि बाहेरून इथल्याच ग्रॅनाइटचे घडीव चिरे. शेवाळ धरल्यामुळे तो तिथेच उगवल्यासारखा दिसतो. या भागातलं जंगल बर्च आणि अ‍ॅस्पेनचं, उजेडाचं आहे, कारण १९४७ च्या ऑक्टोबरमधल्या वणव्यात बेटावरची १७ हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. दक्षिणेला जॉर्डन पाँडकडे गेलं की स्प्रूसची जुनी, गर्द झाडी सुरू होते आणि ऊन एकदम कमी होतं. हा बदल सायकलवरून जाताना अंगाला जाणवतो.

ईगल लेकचा फेरा साधारण सहा मैलांचा. पूर्व किनारा जवळजवळ सपाट आहे, दक्षिण टोकाला चढ. पाणी कितीही बोलवत असलं तरी उतरायचं नाही. बार हार्बरला पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. जॉर्डन पाँडमध्येही पोहायला बंदी आहे. डुंबायचं असेल तर एको लेकला जा.

माझ्या मते खरी मजा ‘अराउंड द माउंटन’ फेऱ्यात आहे. सुमारे ११ मैलांचा, आणि ईगल लेकवरून यायचं-जायचं अंतर वेगळं. १० नंबरच्या खांबापासून (तिठ्यांवर असे नंबरी खांब आहेत) आम्ही घड्याळाच्या उलट दिशेने गेलो. आधी सगळा चढ, मग सार्जंट पर्वताच्या अंगाने झाडी विरळ होते आणि खाली जंगल, तळी, त्यापलीकडे समुद्राचे तुकडे दिसायला लागतात. पश्चिम बाजूला उतरताना हेमलॉक आणि वॉटरफॉल हे दोन पूल पाठोपाठ येतात. दुसऱ्याच्या अगदी शेजारी धबधबा आहे. पाऊस झालेला असेल तर आवाज पुलाच्या बराच अलीकडून ऐकू येतो, उन्हाळा कोरडा असेल तर नुसती धार.

खांबांबद्दल : प्रत्येक तिठ्यावर लाकडी खांब आणि त्यावर नंबर आहे. मोबाइलला रेंज भरवशाची नाही, तेव्हा नंबर असलेला नकाशा आधीच उतरवून घ्या आणि ‘६, ७, ८, १०’ असा क्रम कागदावर लिहून खिशात ठेवा. बेटाच्या दक्षिणेला काही कॅरेज रोड उद्यानाच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर आहेत. तिथे चालायला परवानगी आहे, सायकलला नाही. तशा पाट्या आहेत, त्या पाळा.

जॉर्डन पाँड हाउस या उपाहारगृहात पॉपओव्हर, म्हणजे भट्टीत फुगवलेला हलका पाव, खायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची आहे. बाहेरून कुरकुरीत, आत पोकळ. गरम असतानाच फोडून लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम घालायचा. दुपारी रांग मोठी असते. आमच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून आम्ही ऐन भुकेच्या वेळी रांगेत न तिष्ठता चारनंतर गेलो.

घोडा समोर आला तर सायकलवरून उतरून कडेला थांबा. मागून गाठत असाल तर लांबूनच आवाज द्या आणि वाट मिळेपर्यंत थांबा. आम्हाला उतारावर दोन घोड्यांची गाडी आडवी आली. आम्ही थांबलो, गाडीवानाने हात वर केला, घोड्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेगाची मर्यादा ताशी २० मैल आहे. ई-बाइक घेणार असाल तर दुकानात स्पष्ट विचारा : फक्त पेडल मारल्यावरच मदत करणारी, पहिल्या वर्गाची चालते, थ्रॉटलवाली चालत नाही. साध्या सायकलला ३२ मिलिमीटरच्या पुढचे टायर असले की पुरे.

सायकलने गेलात तरी उद्यानाचा पास लागतो. भारतातून आई-बाबा येणार असतील तर हिशेब आधी करा : २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्यावरील पाहुण्यांना इथे माणशी १०० डॉलर जादा पडतात.

मे-जूनमध्ये काळ्या माश्या फार चावतात. वसंतात बर्फ वितळताना रस्ते मऊ पडतात आणि बंदही ठेवतात. सप्टेंबर उत्तम, ऑक्टोबरच्या मध्याला पानांचे रंग असतात आणि गर्दीही. गवतात बसलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड आहे का ते तपासा.

आणि समुद्रच जवळून हवा असेल तर खाडीपलीकडे, मुख्य भूमीवरच्या स्कूडिक द्वीपकल्पात जा. तिथे २०१५ मध्ये आठ मैलांच्या वर नव्या खडीच्या सायकलवाटा झाल्या. त्या डांबरी किनारी रस्त्याला जाऊन मिळतात; तो एकदिशा आहे, त्यावर मोटारी असतात, पण लाटा अगदी शेजारी. चढ इथे जास्त तुटक आणि तीव्र आहेत. उन्हाळ्यात बार हार्बरहून विंटर हार्बरला बोट जाते. शेवटची परतीची बोट किती वाजता आहे ते चढतानाच विचारून ठेवा, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून रस्त्याने यावं लागतं.