ठमीच्या टाकीतली झाडं

ठमीला झाडं आवडतात की नाही, हे मला अडीच वर्षांत कळलेलं नाही. उपटायला आवडतात, एवढं नक्की.

ठमी म्हणजे आमची ॲक्झोलॉटल. अंग पांढरं, डोळे काळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी तुऱ्यांसारखे कल्ले. २०२१ साली हा प्राणी माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये आला आणि आमच्या घरात लेकीचा हट्ट सुरू झाला. शेवटी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या बैठकीत १२० लिटरची टाकी आलीच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "पाल आहे का गं?"

"नाही गं, बेडकाची लांबची नातेवाईक. पाण्यातच राहते."

"आणि टाकी का अशी बोडकी? काहीतरी लाव की त्यात."

लावलं. दुकानदाराने खडी दिली होती, ती आधीच काढून टाकलेली, कारण ठमी जेवते म्हणजे तोंड उघडून समोरचं सगळं ओढून घेते, गांडुळाबरोबर खडाही पोटात. म्हणून तळाला बारीक वाळू. त्या वाळूत मी मोठ्या हौसेने व्हॅलिस्नेरियाची, म्हणजे गवतासारख्या लांब पात्यांच्या पाणवनस्पतीची, दहा रोपं ओळीत खोचली. सकाळी त्यातली नऊ रोपं पाण्यावर तरंगत होती. पुन्हा खोचली, पुन्हा तेच. तिचा राग नसतो हो झाडावर. रात्री ती फिरते आणि वाटेत येईल त्याच्यावर पाय देऊन पुढे जाते, बस.

मग उजेडाची चूक. झाडांसाठी म्हणून लखलखीत दिवा आणला. ॲक्झोलॉटलला पापण्या नसतात, हे वाचलेलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. ठमी दिवसभर उलट्या कुंडीत तोंड खुपसून बसायला लागली. तिसऱ्या दिवशी दिवा माळ्यावर गेला. पाणीही तिला थंड लागतं, १६ ते १८ अंश. म्हणजे झाड असं हवं, की ज्याला ऊन नको, ऊब नको आणि मातीही नको. असल्या अटींवर स्थळ मिळायचं कसं?

दोन मिळाली. जावा फर्न आणि ऍनुबियस. दोन्हींचा जाडसर खोडासारखा कंद वाळूत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दगडाला किंवा लाकडाला बांधायचा. मी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, ठमीच्या तोंडात मावणार नाहीत असे दोन थोराड दगड घेतले आणि बांधून टाकलं. आई म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून का?" दोरा हळूहळू कुजतो, तोवर मुळं दगड धरतात. पहिल्या महिन्यात फर्नची जुनी पानं तपकिरी होऊन विरघळली, मी फेकायलाच निघाले होते. रोपवाटिकेत ही झाडं बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यात आल्यावर जुनी पानं टाकून नवी काढतात. थांबले ते बरं झालं. आता जुन्या पानांच्या टोकांना इवलाली फर्न फुटतात, थेट आमच्या अंगणातल्या पानफुटीसारखी. नखाएवढं रोप, त्याला केसासारखी काळी मुळं. थोडं मोठं झालं की खुडायचं आणि दुसऱ्या दगडाला बांधायचं.

हॉर्नवर्ट नावाच्या सुयांसारख्या पानांच्या पाणवनस्पतीबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. ते वेड्यासारखं वाढतं, पाण्यातला अमोनिया शोषतं, वर तरंगून सावली देतं, सगळं खरं. पण टाकीत आल्यावर आठवडाभर त्याने सुया गाळल्या, घरात क्रिसमस ट्री झटकल्यासारख्या. फिल्टर तुंबला आणि ठमीच्या कल्ल्यांत सुया अडकल्या. शिवाय त्याच्याबरोबर गोगलगायी आल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून नवीन झाड आलं की आधी तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास, मग खळखळून धुऊन दोन आठवडे बादलीत. तुरटी भारतीय दुकानातली, दाढीच्या साबणाशेजारी मिळाली. खत अजिबात घालत नाही. कित्येक खतांत तांबं असतं, आणि ठमीची कातडी नाजूक. तिची घाणच खत म्हणून पुरते.

खरा फरक पाडला तो आईने सुचवलेल्या मनीप्लांटने. पानं टाकीबाहेर, मुळं पाण्यात. ठमीच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट आधी तपासणीत सहाव्या दिवशी ४० दाखवायचं, आता आठवडा उलटला तरी २० च्या आत असतं. पाणी बदलणं काही सुटलेलं नाही. इथलं पाणी इतकं जड, की किटलीत चुन्याची पुटं चढतात, पण ठमीला तेच मानवतं. फक्त क्लोरीन मारणारं औषध आधी घालायचं.

लेकीने परवा हिशेब मांडला. फर्न आग्नेय आशियातलं, ऍनुबियस पश्चिम आफ्रिकेतलं, ठमीचं मूळ मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतलं. "आणि आपण साताऱ्याचे," ती म्हणाली आणि गांडूळ चिमट्यात धरून उभी राहिली. ठमी ऍनुबियसच्या रुंद पानावर पोट टेकून झोपाळ्यात बसल्यासारखी बसली होती, पान पार वाकलेलं. गांडूळ दिसल्यावर खटकन झेप, एक पान फाटलं.

त्या दहा व्हॅलिस्नेरियांतलं दहावं रोप कुंडीच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात अजून उभं आहे. गेल्या रविवारी त्याला वाळूतून एक धुमारा फुटलेला दिसला, पुढे बोटभर अंतरावर नवीन पातं. ठमी अजून त्या बाजूला गेलेली नाही.