मन्याच्या कागदावरची सही

आमच्या मन्याला दयामरण द्यावं लागलं आणि ती वेळ माझ्या सख्ख्या भावाच्या हलगर्जीपणामुळे आली. हे इतकं सरळ सांगायला मला बराच काळ लागला. आधी मी "आजारी होता" एवढंच सांगायचे, मग "वेळेत कळलं नाही" असं. घरच्या माणसाचं नाव आलं की ऐकणारा अवघडतो, विषय बदलतो. मग आपणच बोलणं गुळगुळीत करून ठेवतो.

मन्या करड्या रंगाचा बोका, 9 वर्षांचा. आदल्या वर्षी त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. लघवीतले बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांची गुठळी तिथे अडकली की थेंबही बाहेर पडत नाही. तेव्हा लगेच नेलं, डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली आणि काही दिवसांत स्वारी पुन्हा कपाटावर जाऊन बसली. पण त्यांनी बजावून ठेवलं होतं: ओलं खाणं, भरपूर पाणी, कोरडं खाणं बंद. आणि तो शी-शूच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथताना दिसला तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी आणायचं. हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. आई आणि मी बाहेरगावी निघालो त्या दिवशी दादाला ते वाचूनही दाखवलं. "अगं कळलं, मी काय लहान आहे का?" असं तो म्हणाला होता.

मी रोज फोन करायचे. "मजेत आहे," हे ठरलेलं उत्तर. फोटो मागितला की झोपलेल्या मन्याचा फोटो यायचा. मांजर दुखणं लपवतं, फोटोत तर काहीच कळत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा दादा दारातच कौतुकाने म्हणाला, "तुझा बोका शहाणा झालाय, दोन दिवस ट्रे साफच करावा लागला नाही." मी बॅग तिथेच टाकून आत पळाले. ट्रेमधली माती कोरडी ठणठणीत होती. ओल्या खाण्याचे डबे मी रचून गेले होते तसेच होते, त्यांचा वास दादाला सहन होत नाही म्हणून वाटीत कोरडं खाणं ओतलेलं. मन्या वॉशिंग मशिनच्या मागे पडला होता. कान गार, पोट फुगलेलं, पोटाखालचे केस चाटून चाटून गेलेले. रात्री तो ओरडत होता हेही मग कळलं. झोपमोड होते म्हणून दादाने खोलीचं दार लावून घेतलं होतं.

दवाखान्यात जे कळलं ते थोडक्यात सांगते. लघवी पूर्ण तुंबली की एक-दोन दिवसांतच रक्तात पोटॅशियम साचायला लागतं आणि हृदय मंदावतं. तपासणीच्या टेबलावर मांजराचे ठोके मिनिटाला साधारण 140 ते 220 पडतात. मन्याचे 90 च्या आत होते. अंग थंड पडलं होतं. मूत्राशय फाटून लघवी पोटात पसरली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल, पण आत्ताच्या अवस्थेत तो भूलच झेपवणार नाही. मी दोन वेळा तोच प्रश्न विचारला, त्यांनी दोन्ही वेळा न चिडता तेच उत्तर दिलं.

संमतीपत्रावर सही मी केली. कारण कागदोपत्री मन्या माझा होता.

आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग शिरेतून पेंटोबार्बिटल. ते मुळात भुलीचंच औषध. मोठ्या मात्रेत दिलं की आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटणार नाहीत आणि नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, पण तो श्वास नसेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते सांगितलं नसतं तर त्या एका हालचालीने मला वेड लागलं असतं. कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरांना हे आधी विचारून घ्या.

पुढचे कित्येक आठवडे मी रडले नाही. मला रडायला वेळच नव्हता, मी खटला चालवत होते. आंघोळ करताना, बसमध्ये, रात्री दोन वाजता डोक्यात दादाची उलटतपासणी सुरू असायची. तो एक वाक्य बोलणार, मी त्यावर तीन बोलणार. आणि मध्येच कुठेतरी सगळं माझ्यावर उलटायचं: दादाने तर नुसतं दुर्लक्ष केलं, मारायच्या कागदावर सही तर तूच केलीस. मन्याचा चेहरा आठवायला गेले की दादाचा चेहरा आडवा यायचा.

घरात आई म्हणायची, "झालं ते झालं, भावंडांत अबोला नको." नातेवाईक म्हणाले, त्याची तेवढीच वर्षं होती. एकीने तर मी जायलाच नको होतं असंही सुचवलं. ते मात्र मी ऐकून घेतलं नाही. घरात एक धडधाकट मोठा माणूस होता, त्याच्या हातात सूचना होत्या, कपाटात खाणं होतं. आणखी काय ठेवून जायचं असतं?

कुणीतरी दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्यांचा आधार मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या मुलाखती हा होता. माझ्या रागाचं काय करायचं हे त्यात मला सापडलं नाही. त्यापेक्षा शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 च्या सुमारास मांडलेली कल्पना जवळची वाटली: काही दुःखांना समाज दुःख मानतच नाही, त्यामुळे ते करायलाही परवानगी नसते. माझं तर दुहेरी होतं. एक म्हणजे "मांजरच तर होतं" आणि दुसरं, "घरच्याच माणसाला काय धरून बसतेस."

वळण आलं ते केसपेपरमुळे. मी दवाखान्यात जाऊन त्याची प्रत मागितली आणि डॉक्टरांना थोडा वेळ द्याल का असं विचारलं. भांडायला आले असेन असं त्यांना वाटलं असावं, कारण ते आधी जरा सावरून बसले. मी विचारलं, "पहिल्या दिवशी, तो कुंथायला लागला तेव्हा आणलं असतं तर?"

"बहुतेक वाचला असता," ते म्हणाले. "मागच्या वेळेसारखंच झालं असतं."

"आणि मी सही केली नसती तर?"

"काही तास. फार वेदनेत."

लोक असं उत्तर टाळतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. त्याची वेळ भरली होती वगैरे खरं नव्हतं. तो वाचू शकला असता. मन्या गेला त्याचं कारण आणि मी सही केली त्याचं कारण ही दोन वेगळी कारणं होती, ती माझ्या डोक्यात एकमेकांत अडकून बसली होती. पहिलं दादाच्या खात्यावर. माझ्या खात्यावर एवढंच की तो आणखी काही तास तडफडला नाही. परत येताना मी रिकाम्या हातांनी मांजराचा पिंजरा उचलल्यासारखी चालत होते हे माझ्या लक्षात आलं, आणि मग जे रडू आलं ते रस्त्यातच.

दादाशी बोलणं त्यानंतर झालं. मध्ये एकदा तो खोक्यात मांजरीचं पिल्लू घेऊन आला होता, भरपाई म्हणून. पिल्लू गोड होतं, त्याचा काय दोष, पण मी ते त्याच संध्याकाळी जिथून आणलं तिथे परत द्यायला लावलं. आईला ते फार लागलं. मला आजही त्यात चूक वाटत नाही.

बोलायला बसलो तेव्हा मी माफी मागायला सांगितलं नाही. मी केसपेपर समोर ठेवला आणि क्रमाने सांगितलं: कधी कुंथायला लागला असेल, ओरडत होता तेव्हा आत काय चाललं असेल, दार लावलं त्या रात्री काय फाटलं असेल. "मध्ये बोलू नकोस," एवढीच अट घातली. तो म्हणाला, "मला वाटलं बद्धकोष्ठ असेल." मी म्हटलं, "वाटलं ना? मग फोनवर ते सांगायचं होतंस." त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला कंटाळा आला होता गं, त्याला घेऊन जायचा." इतके दिवस मी ज्या वाक्यासाठी डोक्यात कोर्ट भरवलं होतं ते हेच होतं. ऐकून समाधान झालं का? नाही. पण त्या रात्री उलटतपासणी झाली नाही.

मी त्याला माफ केलंय का, असं लोक विचारतात. आम्ही बोलतो, सणावाराला एकत्र जेवतो, त्याच्या आजारपणात मी रात्रभर जागलेही आहे. पण जीव असलेली कुठलीही गोष्ट मी पुन्हा त्याच्या भरवशावर ठेवणार नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. आमच्याकडे चिंगी म्हणून दुसरी, म्हातारी मांजर आहे. परवा मला कामासाठी बाहेर जायचं होतं. दादाने विचारलं, "मी बघू का तिच्याकडे?" मी नाही म्हटलं आणि मैत्रिणीला किल्ली दिली. त्याचा चेहरा पडला. पडू दे.