सावजी रस्सा नव्या कार्डात

माझ्या वर्डप्रेस ब्लॉगवर रेसिपीचं कार्ड, म्हणजे साहित्य-कृतीची चौकट, दाखवणाऱ्या जुन्या प्लगइनचे अपडेट येणं बंद झालं तेव्हाच ठरवलं, आता डब्ल्यूपी रेसिपी मेकर हा प्लगइन. इम्पोर्टची सोय त्यातच आहे, जुनी कार्डं तो स्वतःच शोधतो. पण आधी पूर्ण बॅकअप अन् स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, ट्रायल, हे सोडू नका बाप्पा!

खरी भानगड साहित्याच्या यादीत. नवं कार्ड प्रत्येक ओळीचे तुकडे करतं, प्रमाण वेगळं, एकक वेगळं, जिन्नस वेगळा, आणि माझ्याकडे लिहिलेलं काय तर "अर्धी वाटी सुकं खोबरं", "मूठभर सांभार" (म्हणजे कोथिंबीर), "तेल तर्री येईल एवढं", मग हे सगळं बिचारं जिन्नसाच्या रकान्यात जाऊन बसलं आणि चौघांचा रस्सा आठ जणांसाठी केला की मटण दुप्पट, खोबरं तेवढंच. म्हणून अर्धीचं ०.५ केलं, तेही इंग्रजी आकड्यात, आणि वाटी एककात टाकली. तर्रीचं तेल मात्र तसंच ठेवलं, त्याला माप लावणं मला पटत नाही.

वेळ पण बघा. स्कीमात, म्हणजे गुगलसाठी पानामागे जाणाऱ्या माहितीत, दीड तास म्हणजे पीटी१एच३०एम असं जातं, जुन्या कार्डात "रात्रभर भिजवा" असेल तर त्याचं काही होत नाही, ते नोट्समध्ये टाका. गुगलला नाव आणि फोटो लागतातच, पाटवडीचा फोटोच नव्हता, ती आता परत करावी लागेल, घरचे खूश.

दोन्ही प्लगइन फार दिवस सोबत ठेवू नका, एकाच पानावर डबल स्कीमा जाऊ शकतो. गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये लिंक टाकली की लगेच दिसतं. वडाभात, गोळाभात नव्या कार्डात झाले, सांडगे बाकी आहेत.