‘ज्वारीवरच दळलंय’ : एका दळणाचा माझा अनुभव

मला गहू बंद झाला तेव्हा सोलापुरात प्रत्येकानं एकच ऐकवलं, "मग अवघड काय त्यात? भाकरी खायची." मलाही तसंच वाटलं होतं. दुकानात शाळू आहे, घराघरात भाकरी थापतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पुढचे सहा महिने मी भाकरीच खाल्ली आणि भाकरीतूनच आजारी राहिले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

निदानाचं थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिन 7.4. तीन वर्षं लोहाच्या गोळ्या, दोनदा सलाइनमधून लोह, तरी चढेना. पोट फुगायचं, सारखं तोंड यायचं, केस गळायचे. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून बायोप्सी केली आणि कागदावर शब्द आला, सीलिएक. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) या धान्यांत ग्लूटेन असतं. ते पोटात गेलं की आमचं शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच, ग्लूटेन जन्मभर बंद. हे सगळं दोन आठवड्यांत उरकलं.

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा केली. आकडा जेमतेम हलला होता. हिमोग्लोबिन 8.1. डॉक्टर म्हणाले, "टीटीजी एव्हाना नक्कीच उतरायला हवी होती. कुठून तरी गहू जातोय." मला रडू आलं. मी चोरून काही खाल्लं नव्हतं. भाचीच्या साखरपुड्यात पुरणपोळीचं ताट परत केलं होतं, सासूबाईंनी आग्रहानं पुढं केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, नुसती वास घेऊन ठेवून दिली होती. आणि आता माझ्यावरच संशय.

बाहेर बाकावर साठीच्या एक बाई राजगिऱ्याचा लाडू खात बसल्या होत्या. माझ्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "तुझंबी गव्हाशी भांडण हाय का?"

मी मान हलवली.

"माझं अकरा वर्षं झाली. अजून बोलणं नाही आमचं."

सहा महिन्यांत पहिल्यांदा मी हसले. त्या अशोक चौकाकडच्या, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दळण कुठं टाकतीस?"

"कोपऱ्यावरच्या गिरणीत. पण ज्वारीवरच दळून घेते."

"बघतीस का उभी राहून?"

नव्हते बघत. कोण बघतं? डबा ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची, ‘ज्वारीवर दळणे’, आणि संध्याकाळी घेऊन यायचं. लहानपणापासून आपण हेच करत आलो. बेसनावर ज्वारी दळू नका, एवढीच काय ती काळजी, आणि तीही भाकरीला चव लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत उभी राहिले. दोन चक्क्या. एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. सकाळी सगळं ठीक होतं. पाचनंतर गव्हाच्या डब्यांची रांग लागली, तशी त्या माणसानं मागचापुढचा विचार न करता दोन डबे गहू ज्वारीच्या चक्कीत ओतले. ते झाल्यावर कुणाची तरी ज्वारी. मग माझी. मी म्हणाले, "दादा, आत्ताच यावर गहू दळलात ना?" तो म्हणाला, "मधी एक ज्वारी झाली की. ज्वारीवरच दळलंय." आणि गेले सहा महिने तो मला हेच वाक्य सांगत होता. खोटं बोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. मी आजार समजावला. तो म्हणाला, "एवढ्याशा पिठानं काय होतंय ताई? गहू काय विष हाय?"

दुसरी गिरणी गाठली. तिथले मालक म्हणाले, सकाळी चक्की झाडून पहिलं दळण तुमचं घेतो, जास्तीचे पैसे द्या. दिले. तीन आठवडे मी साडेसातला डबा घेऊन हजर. चौथ्या आठवड्यात गेले तर चक्की आधीच चालू, समोरच्या पोत्यावर गव्हाचं पीठ. "आज एकाला घाई होती." मी डबा उचलून तशीच परत आले आणि त्या दिवशी घरात भात केला. तिसऱ्या गिरणीत मला बोलूही दिलं नाही. असला आजार ऐकला नाही म्हणे. उत्तर भारतातल्या पाहणीत शंभरातल्या एकाला हा आजार सापडला आहे, हे मी सांगेपर्यंत ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. चौथीकडे नुसती चिठ्ठी पाठवली, तर डबा चिठ्ठीसकट परत. या फेऱ्यांत माझे दोन महिने गेले. नोकरी सांभाळून, हिमोग्लोबिन आठवर, हातात पाच किलोचा डबा.

पाचवे गिरणीवाले मामा म्हातारे होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं, चक्की बंद केली, वरचा भाग उघडला आणि म्हणाले, "बाई, मी पैसे घेईन आणि तुम्हाला फसवीन, असं नको. हे बघा." दगडांच्या कडेला, आतल्या कोपऱ्यांत घट्ट बसलेलं पीठ त्यांनी खरवडलं. अर्धी वाटी भरली. पीठ जिथून खाली पडतं त्या तोंडाला बांधलेलं कापड झटकलं, तर त्यातून आणखी निघालं. "हे रोज कितीबी झाडलं तरी राहतंच. गव्हाची गिरणी ती गव्हाचीच." एवढं खरं बोलणारा माणूस मला त्या दोन महिन्यांत भेटला नव्हता. मी त्यांच्या पाया पडले.

आक्कांच्या ओळखीतल्या एका चौथीतल्या मुलाचे वडील गणिताचे मास्तर आहेत. मुलालाही सीलिएक. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं हिशेब मांडून दाखवला. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम गव्हाचं पीठ पाच किलो ज्वारीत गेलं असं धरा. त्यात ग्लूटेन साधारण 400 मिलिग्रॅम. म्हणजे किलोमागं 80. आणि ग्लूटेन-फ्री म्हणवून घ्यायला आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांत मर्यादा किती? किलोमागं 20 मिलिग्रॅम. एका चमच्यानं चौपट. मी अर्धी वाटी आठवली आणि गप्प बसले.

आक्कांकडे जुनं जातं होतं. पण त्यावर चाळीस वर्षं गहूही दळला गेला होता. छिन्नीनं टाकी लावून घेऊ म्हटलं, तरी दगडाच्या छिद्रांचा भरवसा वाटेना. जुनी घरघंटी, म्हणजे घरगुती विजेची चक्की, कुणीतरी सहा हजारांत द्यायला तयार होतं, तीही नाकारली, कारण तेच. हे लक्षात ठेवा, वापरलेलं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. शेवटी आक्का, मास्तरांचं घर, एक निवृत्त हवालदार काका आणि मी अशा चार घरांनी मिळून नवी घरघंटी घेतली. ती आक्कांच्या मागच्या खोलीत आहे. रविवारी सकाळी दळण. आत गव्हाचा दाणा न्यायचा नाही, चपला बाहेर, पिशव्या धुतलेल्या.

माझा खरा इलाज त्या खोलीत झाला असं मी मनापासून मानते. दळणाआधी आम्ही ज्वारी निवडतो, कारण दुकानात एकच मापटं सगळ्या पोत्यांतून फिरतं आणि ज्वारीत गव्हाचे दाणे खरोखर सापडतात. दाणा दिसला की काका उभे राहून ओरडतात, "आरोपी ताब्यात!" मग त्याचा पंचनामा होतो, तो कुठल्या दुकानातून आला, सोबत साथीदार किती. चौथीतला पोरगा साक्षीदार. ‘गहू’ हा शब्द खोलीत उच्चारायचा नाही, हा त्याचाच नियम. जो उच्चारेल त्यानं डब्यात एक रुपया टाकायचा. हा पोरगा शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा केक खात नाही आणि कोपऱ्यात बसून राहतो, असं त्याची आई मला पहिल्या दिवशी सांगत होती. आमच्याकडे तो सगळ्यांकडून दंड वसूल करतो.

लग्नात कुणी जिलबीचा आग्रह केला की काका सांगतात, "बंदोबस्तावर आहे, खाता येत नाही." लोक खरंच मागं सरतात. मी हे वाक्य दोन लग्नांत वापरलं, नवरा चकित.

मास्तरांनी एकदा डच डॉक्टर डिके यांची गोष्ट सांगितली. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि या आजाराची मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. आक्कांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे दुष्काळ आपलं औषध? मग सोलापूरकर कवाच बरे व्हायला पायजे होते." चक्की बंद करावी लागली, इतके आम्ही हसलो.

आषाढी एकादशीला आक्कांचा फोन येतो. "आज अख्खा जिल्हा आपल्या पंगतीला बसलाय." भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं आम्हाला चालतं. फक्त पिठं सुटी घेऊ नका, तीही गिरणीतूनच येतात.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं. टीटीजी करायच्या आधी गहू सोडू नका. काकांनी कुणाचं तरी ऐकून दोन महिने आधीच सोडला होता, तपासणी नॉर्मल आली, आणि खात्री करायला त्यांना पुन्हा कित्येक आठवडे चपात्या खाव्या लागल्या. त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकताना हसू येतं, पण तेव्हा ते रात्र रात्र पोट धरून बसत होते. तपासणी नेहमी एकाच लॅबमध्ये करा, आकडे तरच ताडून बघता येतात. आणि घरातल्या सख्ख्यांचीही करून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीला काहीच त्रास नव्हता, तिची टीटीजी वाढलेली निघाली. ती आता रविवारी पिशवी घेऊन येते.

घरघंटीनंतर नऊ महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन 11.8 झालं आणि टीटीजी मर्यादेच्या जवळ आली. तो कागद मी पाचव्या गिरणीवाल्या मामांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी सरल्यावर दंडाच्या डब्यातल्या पैशांत आणखी भर घालून आम्ही मंगळवेढ्याकडच्या एका शेतात हुरड्याला गेलो. आगटीतून काढलेली गरम गूळभेंडी, शेंगा चटणी, दही. पोरगा काही न विचारता, कुणाकडे न बघता, दोन्ही हातांनी खात होता. त्याची आई उठून बांधापर्यंत गेली आणि डोळे पुसून आली.

हिंगाचं राहिलं. बाजारातल्या बहुतेक बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आक्का पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा चहाच्या आधी त्यांनी फोडणीच्या डब्याशेजारची ती डबी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मला म्हणाल्या, "हे बघ, दुसरा आरोपी."