एल 312, नोंद सहावी : इंजिन सुरू झालं, पण थांबेना

मागच्या नोंदीत जॅम झालेलं इंजिन सुटल्याचं कळवलं होतं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रक मर्सिडीज-बेंझ एल 312, 1950 च्या दशकातला. आत ओएम 312 डिझेल इंजिन, सहा सिलिंडर, 90 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 120 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 4,580 सीसी. वर्षानुवर्षं उघड्यावर उभा राहिल्याने ते पार जॅम झालं होतं. डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं घालून ठेवलं. रोज फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून थोडं पुढे, थोडं मागे असं करत राहिलो. अकराव्या दिवशी ते बोटभर हललं. त्या दिवशी दुसरं काहीच काम केलं नाही.

या खेपेला सगळा वेळ इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपात गेला. पंपाच्या बाजूचं झाकण उघडलं तर आत मधासारखा पिवळट, चिकट थर. जुनं डिझेल वाळून असंच होतं. सहापैकी दोन प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारे दांडे, वर जाऊन तिथेच अडकलेले, आणि किती डिझेल जायचं ते ठरवणारी सरकती पट्टी, म्हणजे रॅक, तर भिंतीत खिळा ठोकावा तशी घट्ट. इथे घाई करणाऱ्यांनी कितीतरी चांगले पंप वाया घालवलेत. हातोडी अजिबात लावू नका. स्वच्छ डिझेल भरून दोन दिवस मुरू दिलं, मग प्लंजर फिरवणारी एकेक कंट्रोल स्लीव्ह हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवली. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी, म्हणजे बॅरल, ही जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असते, त्यामुळे एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. म्हणून मी त्यांतलं काहीच बाहेर काढलं नाही. शेवटी रॅक बोटाच्या टोकाने सरकायला लागली. यापेक्षा जरा जरी जड वाटली, तरी इंजिन सुरू करायच्या फंदात पडू नये.

नोझल, म्हणजे इंजेक्टरची टोकं, तपासायला टेस्ट पंपावर लावले. हे प्री-चेंबरवालं इंजिन, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं, त्यामुळे नोझल शंभर-सव्वाशे बारच्या आसपास उघडतात. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या नोझलांना याच्या जवळपास दुप्पट दाब लागतो. चार चांगले निघाले. उरलेल्या दोघांच्या टोकावर थेंब लोंबत होता, तेवढे बदलले.

थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगने एक दुपार खाल्ली. या इंजिनात सहाही प्लग मालिकेत जोडलेले आहेत, एक जळला की सगळे थंड. प्लग तापल्याची खूण देणारी डॅशबोर्डवरची तार लाल होत नव्हती, त्यावरून एवढंच कळलं की कुठेतरी सर्किट तुटलंय. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक प्लग पुढे सरकत गेलो, तेव्हा चौथ्यावर सापडलं.

मग डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढली. हातपंप मारत राहायचं, आधी फिल्टरच्या स्क्रूपाशी, मग पंपाच्या स्क्रूपाशी. सुरुवातीला पांढरा फेस येतो, मग फेसात मोठे बुडबुडे, आणि एका क्षणी धार काचेसारखी स्वच्छ होते. ती धार पाहायला मला अजूनही आवडतं. नंतर इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारला आणि सहाही पाइपांतून डिझेल चिळकांड्या मारायला लागल्यावर नट आवळले. ऑइल प्रेशर मात्र त्याच्या आधीच, इंजेक्टर बाहेर असतानाच, नुसता सेल्फ फिरवून वर आणून घेतलं होतं. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट नको.

आता मुख्य गोष्ट. सुरू करताना मुलीला हवेच्या तोंडापाशी उभं केलं होतं, हातात रबर चिकटवलेली फळी, इंजिन थांबेना तर हवा बंद करायला. "बाबा, कधी लावू?" तिने विचारलं. म्हटलं, मी हात वर केला की लाव आणि दाबून धर. तिसऱ्या प्रयत्नाला दोन सिलिंडर पेटले, पांढरा धूर, खडखडाट, मग चार, मग सहा. आणि वेग वाढतच गेला. ॲक्सिलरेटरला मी पायही लावला नव्हता. इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल "नंतर जोडू" म्हणून सुटी ठेवलेली होती, ही माझी मोठी चूक. हात वर केला. तिने फळी दाबली, इंजिनाने घशातून ओढल्यासारखा आवाज केला आणि दोन-तीन सेकंदांत ते बंद पडलं. तिच्या हातावर रबराचा गोल वळ उठला होता.

रॅक तर मोकळी होती. मग दोष गव्हर्नरमध्ये, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागात. या पंपावर वजनांचा गव्हर्नर नाही, हवेवर चालणारा आहे. इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या पाइपच्या) गळ्यात एक बटरफ्लाय, म्हणजे फिरती झडप, तिथून एक बारीक पाइप पंपाच्या मागच्या डब्यात येतो, आणि डब्यात चामड्याचा डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा. बटरफ्लाय मिटलेली असली की गळ्यात व्हॅक्यूम तयार होतो, तो डायफ्रामला ओढतो आणि रॅक कमी डिझेलकडे जाते. समोरून स्प्रिंग तिला जास्त डिझेलकडे ढकलत असते. आता डायफ्राम फाटला किंवा पाइप कुठे हवा घेऊ लागला, तर ओढणारं कुणीच उरत नाही. स्प्रिंग एकटी जिंकते, डिझेल पूर्ण.

तपासायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पाइप सोडायचा, स्टॉपचा लिव्हर पूर्ण ओढायचा, डब्याच्या भोकावर ओलं बोट दाबायचं आणि लिव्हर सोडायचा. रॅक जराशी मागे येऊन तिथेच थबकली पाहिजे. माझी खटकन परत आली.

डबा उघडला. चामडं पापडासारखं कडक, आणि कडेला, जिथे ते दोन पत्र्यांमध्ये चिमटलं जातं, तिथे अर्धवर्तुळाकार भेग. टेबलावर सपाट ठेवलं तर ती दिसत नव्हती. दिव्यासमोर धरून वाकवल्यावर तिच्यातून उजेड आला. कुणीतरी आधी ते रॉकेलने धुतलं असावं, पृष्ठभागावर तसा पांढुरका कोरडेपणा होता. चामड्याच्या डायफ्रामला डिझेल-रॉकेल लावायचंच नाही, चामड्यासाठीचं तेल थोडं-थोडं मुरवायचं. नवा डायफ्राम रात्रभर तेलात भिजवला, पुसून बसवला, पाइपच्या दोन्ही टोकांची वॉशर बदलली. बोटाची तपासणी पुन्हा केली, रॅक थांबली. स्टॉपची केबल आधी जोडली.

रविवारी परत सुरू केलं. फळी घेऊन मुलगी तशीच उभी. या वेळी दोन सिलिंडरांवरून सहांवर आलं आणि हळूच खाली उतरून स्थिर झालं. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमाने सिलिंडर पेटत होते, सगळे ठोके मोजता येतील इतकं संथ. तिने फळी खाली ठेवली तेव्हा मी काहीच बोललो नाही, बोलता आलं नसतं.

चार मिनिटं चाललं. मग वॉटर पंपाच्या ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या सीलमधून) पाणी ठिबकायला लागलं म्हणून केबल ओढून बंद केलं. पुढच्या आठवड्यात पंप उतरवतोय आणि त्याच्यासोबत रेडिएटरही, कारण निघालेल्या पाण्याचा रंग विटकरी आहे.