तुम्ही विचारलेत म्हणून: गुढीच्या पाटाजवळची ती थाळी

पाडव्याच्या सकाळी आमच्या दारात गुढी उभी राहिली, की तिच्या पाटाच्या उजव्या अंगाला मी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी पाण्याने भरून ठेवते. थाळी जुनी आहे. तिचा काठ एका बाजूला आत दबलेला आहे आणि त्या दबलेल्या भागावर दातांच्या बारीक खुणा आहेत. रेशमी खण, साखरेच्या गाठी, आंब्याचे डहाळे, झेंडूची माळ आणि नुकती काढलेली रांगोळी यांच्या शेजारी ती चटकन नजरेत भरते, त्यामुळे घरी येणारे कोणी ना कोणी दर वर्षी विचारतेच. यंदा शेजारच्या घरातल्या नव्या सुनेने विचारले, "काकू, ही थाळी कशासाठी हो?" मी नेहमीप्रमाणे "आमच्या ठमीची आहे" एवढेच सांगितले, आणि ठमी म्हणजे घरातली कोणी लहान मुलगी असावी असे वाटून ती बिचारी एकदम गप्प झाली. हे उत्तर अर्धवट आहे, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळले, म्हणून आता नीट सांगते.

ठमी आमची कुत्री. २००४च्या पावसाळ्यात, गल्लीच्या तोंडाशी चाललेल्या बांधकामावरच्या पालथ्या घमेल्याखाली ती कुडकुडत बसलेली सापडली. आमचे घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पुढे अंगण, मागे परस आणि परसात शेवगा. ती भुऱ्या रंगाची, गावठी, अतिशय शहाणी होती. तिला एक सवय होती, आणि ती कोणी शिकवलेली नव्हती. थाळीतले पाणी संपले, की ती थाळीचा काठ दातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी यायची आणि थाळी उंबऱ्यावर टाकायची. तो खणखणाट ऐकला, की घरात जो जवळ असेल तो उठून पाणी घालायचा. काठावरच्या खुणा या बारा वर्षांच्या येण्याजाण्याच्या आहेत.

वसंत आला हे मला दिनदर्शिकेच्या आधी ठमीमुळे कळायचे. फाल्गुन लागला, की तिचे हिवाळ्यातले दाट केस गळू लागत. ओसरीच्या पायरीवर तिला घेऊन बसले आणि कंगवा फिरवला, की मूठमूठ केस हाती येत. तिचे डोळे तेवढ्या सुखानेच मिटत. ते केस मी कुंपणाच्या तारेत अडकवून ठेवत असे, कारण त्याच दिवसांत वळचणीतल्या चिमण्यांची घरट्यांची गडबड सुरू झालेली असे. एक चिमणी तारेवर बसून चोचीत मावणार नाही इतका केसांचा पुंजका ओढत होती आणि ठमी खाली मान तिरकी करून तिच्याकडे पाहत होती, हे दृश्य मला आजही जसेच्या तसे दिसते. (गोचिडांसाठी औषध लावलेल्या कुत्र्याचे केस मात्र पक्ष्यांसाठी असे ठेवू नयेत, त्या औषधाचा पिलांना त्रास होतो, हे मला पुष्कळ उशिरा समजले.) समोर डोंगरउतारावर पळस आणि पांगारा फुललेले, दुपारभर तांबट पक्ष्याची टुकटुक, परसात शेवग्याच्या फुलांचा सडा आणि पायरीवर आम्ही दोघी. माझ्या मनातला वसंत हा असा आहे.

आता जे सांगायचे ते सोपे नाही. २०१६ साली पाडवा ८ एप्रिलला होता. उन्हाळा भयंकर होता आणि मराठवाड्यात दुष्काळ इतका होता, की पाडव्यानंतर तीन-चार दिवसांतच मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवावे लागले. ती बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचली, हळहळलो, आणि त्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या परसातल्या थाळीकडे पाहायचे राहून गेले. कराडला एक लग्न होते. सकाळी नऊला निघताना ठमीला शेवग्याच्या सावलीत बांधले, थाळी भरून ठेवली आणि बारापर्यंत येऊ असे म्हणून गेलो. परतायला साडेतीन वाजले. सकाळी पश्चिमेला पडलेली शेवग्याची सावली दुपारनंतर पूर्वेकडे सरकली होती आणि ठमीची साखळी तिथपर्यंत पोचत नव्हती. थाळीतले पाणी केव्हाच सांडले होते. तिने ती रिकामी थाळी दातात धरून साखळी पुरेल तितकी घराच्या दाराकडे आणली होती आणि तिच्यावरच हनुवटी टेकून ती पडली होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते, आणि अंगात पाणी नसेल तर तेही जमत नाही. निरोगी कुत्र्याचे अंग साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. डॉक्टरांनी मोजले तेव्हा ठमीचे १०६ भरले. आम्ही ओल्या फडक्यांनी तिचे पोट आणि पंजे पुसले, पंखा लावला, सलाइन झाले, दोन दिवस ती उठून बसलीसुद्धा. पण उष्माघाताने मूत्रपिंडे गेली होती. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. चूक आमची होती, मुख्यतः माझी, कारण साखळी मी बांधली होती. बारा वर्षांची म्हातारी कुत्री होती, तिचे दिवस भरलेच होते, असे मला पुष्कळांनी सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही.

परसाच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणून तिला ठेवले आणि त्या पावसाळ्यात त्या जागेच्या शेजारी कडुलिंबाचे रोप लावले. थाळी माळ्यावर गेली.

पुढच्या वर्षी पाडवा २८ मार्चला आला. माझे यजमान गुढीची काठी काढायला माळ्यावर चढले आणि काठी ओढताना तिच्याबरोबर थाळी खाली पडली. तोच खणखणाट. स्वयंपाकघरात मी श्रीखंडाचा चक्का गाळत होते. अकरा महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता आणि मी काही विचार न करता पाण्याचा तांब्या उचलून दाराशी आले. उंबऱ्यावर कोणी नव्हते. तांब्या हातात होता, थाळी समोर होती, म्हणून मी ती घासली, भरली आणि गुढीच्या पाटाशेजारी नेऊन ठेवली. पहिल्या वर्षी एवढेच घडले, त्यामागे काही योजना नव्हती.

त्या दिवशी घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांना ते रुचले नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी, साडेतीन मुहूर्तांपैकी एका मुहूर्तावर, मेलेल्या कुत्र्याचे भांडे देवाशेजारी मांडणे अशुभ आहे, असे ते म्हणाले. मी थाळी उचलायला वाकलेही होते, पण सासूबाई बोलल्या. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, मात्र सासऱ्यांना वर्षानुवर्षे तर्पण करताना त्यांनी ऐकले होते. त्या म्हणाल्या, "तर्पणात आब्रह्मस्तंबपर्यंत म्हणता ना? ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी पोचतं, मग आमच्या ठमीलाच तेवढं पोचत नाही होय?" आणि लगेच पुढे, "अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावानं पाण्याची घागर देतो की नाही? तो महिनाच पाण्याचा आहे. राहू दे ती थाळी."

तेव्हापासून ती थाळी आमच्या पाडव्याचा भाग झाली. सासूबाईंच्या त्या दोन वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाख खरोखरच पाण्याभोवती फिरतात: चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, गौरीपुढे वाळ्याचे गार पाणी, आणि गौर बोळवली जाते त्या अक्षय तृतीयेला उदककुंभाचे दान. पाडव्याच्या थोडे आधी, फाल्गुन वद्य षष्ठीला, पैठणला नाथषष्ठी असते. १५९९ साली संत एकनाथांनी देह ठेवला तो हा दिवस. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले कावडीतले गंगेचे पाणी नाथांनी वाळूत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले होते. २०१६ नंतर पहिल्यांदा ती ऐकताना मी पुढच्या रांगेत बसून रडले. त्या गाढवाच्या जिभेची मला ओळख पटली होती.

थाळी एक, पण आठवणी आता दोन आहेत. ठमीच्या पाठोपाठ काही वर्षांनी आमचा बोका बंड्याही गेला, तो मात्र म्हातारपणाने, झोपेत. बंड्याला चैत्रगौरीची आरास म्हणजे आपल्यासाठीच मांडलेली बैठक वाटे. गौरीला पितळी पाळण्यात बसवले, की तो पायऱ्यांच्या मधल्या फटीतून वर येई, पंजाने पाळण्याला हळूच एक झोका देई आणि तो थांबेपर्यंत टक लावून बघत बसे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ओटीचे हरभरे हातात तसेच धरून त्याच्याकडे पाहत राहत. चैत्रांगण काढताना मी शंख, चक्र, कमळ, कासव, नाग, तुळशीवृंदावन आणि गोपद्मे काढते. गाईच्या पावलांना आपल्या अंगणात मान आहेच, म्हणून त्या गोपद्मांच्या खाली मी आता आणखी दोन पावले काढते: एक मोठे, बोटांपुढे नखांचे चार ठिपके असलेले, दुसरे लहान, नखांशिवाय, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. एका मैत्रिणीने ही पावले पाहिली आणि पुढच्या वर्षी तिच्या अंगणात सशाची पावले होती. ती कोणाची, हे मला विचारावे लागले नाही.

ज्यांना आपल्या घरी असे काही करावेसे वाटते त्यांना मी इतकेच सांगते, की पाडव्यापासून मृगापर्यंत रोज पाणी ठेवा. मातीचे पसरट, उथळ भांडे सर्वांत चांगले. मातीतून पाणी पाझरून वाळत राहते त्यामुळे आतले गार राहते, आणि खरबरीत काठावर पक्ष्यांचे पाय घसरत नाहीत. मधमाश्यांसाठी आत दोन-तीन खडे टाकावेत, त्यांना उभे राहायला जागा लागते. पक्ष्यांचे भांडे मांजराच्या उडीपलीकडे, कुत्र्यांचे जमिनीवर. पाणी रोज ओतून द्यावे आणि भांडे घासून पुन्हा भरावे, नाही तर आठवड्याभरात त्यात डास होतात. आणि भांडे ठेवताना सावली दुपारी कुठे असेल ते पाहावे. सकाळची सावली पाहून ठेवू नये. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

दुसरे कुत्रे का आणले नाही, असेही काही जण विचारतात. आम्ही दोघे आता सत्तरीच्या जवळ आहोत. पिलू आणले तर ते आमच्यामागे कोणाकडे जाईल, हा हिशेब आम्ही केला आहे. पण दार काही ओस पडलेले नाही. गल्लीतली एक काळी कुत्री, जिचा एक कान फाटलेला आहे, गेली तीन वर्षे पाडव्याच्या दिवशीसुद्धा थाळीतले पाणी पिऊन जाते. तिला मी कधी बांधले नाही.

परसातला कडुलिंब आता घराच्या कौलांवर गेला आहे. फाल्गुनात तो पिवळी पाने गाळतो आणि पाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा घेऊन उभा राहतो. गुढीला लावायची डहाळी आता बाजारातून आणावी लागत नाही. त्याच झाडाची कोवळी पाने आणि फुले ओवा, मीठ, हिंग, मिरे आणि गूळ घालून वाटते आणि सगळ्यांच्या हातावर ठेवते. यंदा संध्याकाळी गुढी उतरवायला गेले तेव्हा थाळीतले पाणी निम्म्यावर आले होते आणि त्यावर कडुलिंबाची चार फुले तरंगत होती. ती काळी कुत्री पायरीच्या खाली बसली होती. मी तांब्या आणायला आत गेले.