पहिली ओळ नमस्काराची

सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणाऱ्या मुलासाठी संवादाची पाटी तयार करताना आपण पाणी, भूक, शू, दुखते आहे असे गरजेचे शब्द आधी लावतो आणि जागा उरलीच तर नमस्कार. हा क्रम मला पटत नाही. गरज सांगून मूल मदत मागते. ख्यालीखुशाली विचारून ते स्वतःहून संभाषण सुरू करते, आणि ही संधी त्याला एरवी क्वचितच मिळते.

गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या भाचीच्या पाटीवर ब्लिस चिन्हे आहेत. चार्ल्स ब्लिस यांना शांघायमध्ये चिनी लिपी पाहून या चित्रभाषेची कल्पना सुचली आणि १९४९ साली, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर, त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे कळावे हा त्यांचा हेतू होता. पण तिचा खरा उपयोग १९७१ पासून टोरांटोमध्ये झाला, जेव्हा शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती न बोलणाऱ्या मुलांच्या हाती दिली.

शेजारच्या काकूंना भाची विचारते, ‘तुम्ही जेवलात का?’ त्यासाठी तीन चिन्हे पुरतात. ब्लिसमध्ये प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाच येते. नंतर पायाशी आडवी रेघ असलेली उभी रेघ, म्हणजे माणूस, आणि तिच्याजवळ २ हा आकडा: समोरची व्यक्ती. शेवटी तोंडाचे वर्तुळ आणि त्याखाली जमिनीची रेघ, म्हणजे अन्न. त्यावर भूतकाळाचा बारीक कंस दिला की जेवण झाले. वडीलधाऱ्यांना ‘तू’ कसे म्हणायचे, ही अडचण अनेकवचनाच्या छोट्या फुलीने सुटली, कारण आपला आदरार्थही अनेकवचनानेच व्यक्त होतो. बरे वाटते आहे, हे सांगायला हृदय आणि वर जाणारा बाण आहे. नमस्कारासाठी मात्र आम्ही जोडलेल्या हातांचे साधे चित्रच लावले. ते चाळीत कोणालाही शिकवावे लागत नाही.

प्रत्येक चिन्हाखाली मराठी शब्द छापलेला असल्यामुळे काकूंना वाचता येते. भाची बोटाने नव्हे, नजरेने चिन्ह दाखवते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे, की तिची नजर तिसऱ्या चिन्हावर पोहोचेपर्यंत थांबावे आणि प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देऊ नये.